वाचकांचे प्रश्न : काउंटी फेअरच्या टेबलावर झेंडू

अमेरिकेत जुलै ते सप्टेंबर हा काउंटी फेअरचा, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या जत्रांचा, मुख्य हंगाम. गाई-मेंढ्या, मुरंबे, गोधड्या यांच्याबरोबर या जत्रांमध्ये घरच्या बागेतल्या फुलांची आणि पुष्परचनांची स्पर्धा असते, आणि तिथे कुणाही हौशी माणसाला भाग घेता येतो. गेल्या काही महिन्यांत तिकडच्या मराठी वाचकांकडून या स्पर्धेबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक इथे घेत आहोत.

प्रश्न : घरामागे झेंडू, झिनिया आणि थोडे गुलाब आहेत. यंदा पहिल्यांदाच फुलं द्यायची आहेत. सुरुवात कुठून करू? (न्यू जर्सी)

उत्तर : पुस्तकापासून. प्रत्येक फेअर दरवर्षी नियमांचं पुस्तक काढतं. त्याला प्रीमियम बुक किंवा एक्झिबिटर हँडबुक म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा त्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. त्यात फुलांचा विभाग काढा आणि पेन्सिल घेऊन सावकाश वाचा. विभागाच्या पोटात गट, गटाच्या पोटात वर्ग आणि प्रत्येक वर्गाला क्रमांक अशी त्याची मांडणी असते. ‘झेंडू, आफ्रिकन, १ फूल’ हा एक वर्ग आणि ‘झेंडू, फ्रेंच, ३ फुलं’ हा वेगळा वर्ग. तीन मागितली तिथे चार ठेवली, तर फुलं कितीही सुरेख असली तरी परीक्षक ती बाजूला काढतात. पहिल्यांदा भाग घेणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

दोन प्रकारच्या स्पर्धांत गल्लत करू नका. एकात फूल एकेकटं, साध्या बाटलीत ठेवायचं असतं. तिथे फक्त फुलाचा दर्जा पाहतात. सजावट, जादा पाला, रिबिनी काही चालत नाही. दुसरी स्पर्धा पुष्परचनेची. पहिल्या प्रकारात फूल तुम्हीच वाढवलेलं असावं लागतं. रचनेसाठी विकतची फुलं काही फेअर चालवून घेतात, काही घेत नाहीत. पुस्तकातलं वाक्य प्रमाण.

आणखी तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या : नाव नोंदवायची शेवटची तारीख (ती फुलं आणायच्या दिवसाच्या दोन-तीन आठवडे आधीही असू शकते), फुलं स्वीकारायची वेळ (हा सकाळचा दोन-तीन तासांचाच अवधी असतो) आणि निकालाची पद्धत. ‘डॅनिश’ पद्धत असेल तर प्रत्येक फूल ठरलेल्या दर्जाशी ताडून पाहतात, त्यामुळे एकाच वर्गात चार जणांनाही पहिल्या दर्जाची निळी रिबीन मिळू शकते. ‘अमेरिकन’ पद्धतीत पहिला, दुसरा, तिसरा एवढेच. बक्षिसाची रक्कम बहुधा काही डॉलरच असते. लोक येतात ते त्या निळ्या रिबिनीसाठी.

प्रश्न : मागच्या वर्षी झेंडूची तीन फुलं दिली होती. शेजारच्या निळ्या रिबिनीवाल्या फुलांपेक्षा माझी मोठी होती, तरी मला काहीच मिळालं नाही. असं का? (इलिनॉय)

उत्तर : जिथे तीन फुलं मागतात तिथे त्यांचा सारखेपणा फुलाच्या आकाराइतकाच, किंबहुना जास्त तोलला जातो. एक फूल ४ इंचांचं आणि दोन सव्वातीनचे, यापेक्षा तिन्ही साडेतीनचे असलेला संच पुढे जातो. रंगाची छटा, उमलण्याची अवस्था, देठाची जाडी आणि लांबी या सगळ्यांत तिन्ही फुलं जुळी दिसली पाहिजेत. म्हणून तीनसाठी आठ-दहा फुलं तोडा, टेबलावर पट्टी ठेवून मोजा आणि त्यातून तीन निवडा. सर्वांत मोठं फूल बाजूला ठेवायला मन धजत नाही, पण ते संचात बसत नसेल तर त्याला ‘१ फूल’ वर्गात द्या.

दुसरं कारण फुलाच्या पाठीशी असतं. परीक्षक झेंडू वाकवून मागची पाकळ्यांची रांग बघतात. तिथे तपकिरी कडा दिसली की फूल दोन दिवस जुनं आहे हे त्यांना कळतं. समोरून मध्यभाग गच्च भरलेला हवा, हिरवा डोळा दिसता कामा नये.

तिसरं म्हणजे मान. आफ्रिकन झेंडूचा देठ फुलाखाली पोकळ आणि फुगीर असतो. गाडीच्या एका धक्क्यात तो मुडपतो आणि मग फूल बाटलीत मान टाकतं. पहाटे दव किंवा पाऊस पडला असेल तर फूल हलक्या हाताने झटकून पाणी काढा, कारण पाण्याच्या वजनानेही मान मोडते. झेंडूची पानं पाण्यात राहिली तर रात्रीत पाण्याला वास सुटतो, म्हणून पाण्याखाली येणारं प्रत्येक पान काढा आणि वरची मात्र ठेवा.

याच वाचकांनी विचारलंय की गावाकडच्या झेंडूचं बी आणून लावलं तर? तसं करू नका. अमेरिकेत बी आणायला परवाना किंवा वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, सामानात टाकलेली पुडी विमानतळावर जप्त होते. शिवाय उंच आफ्रिकन झेंडू दिवस लहान व्हायला लागले की लवकर फुलतो. मे महिन्यात पेरला तर तिकडच्या लांब दिवसांत तो नुसता पाला वाढवत बसतो आणि फेअर उलटून गेल्यावर फुलतो. तिथलंच बी घ्या, मार्चच्या शेवटी घरात ट्रेमध्ये पेरा आणि थंडीची भीती संपली की रोपं बाहेर लावा.

प्रश्न : ग्लॅडिओलस आणि डेलिया नेमके फेअरच्या दिवशी फुलवायचे कसे? आमचे दर वर्षी आधी तरी येतात, नाहीतर नंतर तरी. (मिनेसोटा)

उत्तर : ग्लॅडिओलसचं गणित मागून करा. कंद लावल्यापासून फूल यायला जातीप्रमाणे साधारण ७० ते ९० दिवस लागतात. फेअर ८ ऑगस्टला असेल तर ९० दिवस मागे १० मे येतो आणि ७० दिवस मागे ३० मे. या वीस दिवसांत एकाच जातीचे कंद तीन-चार हप्त्यांत, आठवड्याच्या अंतराने लावा. हवामानाने दगा दिला तरी एक हप्ता जमतो. खोली ४ ते ६ इंच ठेवा आणि दांडा वर आला की काठीचा आधार द्या, कारण एकदा वाकलेला दांडा सरळ होत नाही.

टेबलावर दांड्याचा साधारण तळचा तिसरा भाग उमललेला, मधला रंग दाखवणारा आणि वरचा घट्ट हिरव्या कळ्यांचा असावा. सर्वांत खालचं फूल सुकलं म्हणून तोडून टाकलं तर ती जागा परीक्षकाला लगेच दिसते. म्हणून खालच्या एक-दोन कळ्या रंगावर आल्या की दांडा कापा. घरात रोज एक-दोन कळ्या उमलतात. घाई करतोय असं वाटलं तर गार जागी ठेवा, मागे पडतोय असं वाटलं तर उबेत. आणि कायम उभाच ठेवा. आडवा ठेवला तर टोक काही तासांत वर वळतं आणि तो बाक तसाच राहतो. कापताना झाडावर किमान चार पानं राहू द्या, नाहीतर पुढच्या वर्षीचा कंद पोसणार नाही.

डेलियाचं उलट आहे. तो कापल्यावर फारसा उमलत नाही, म्हणून पूर्ण फुललेला पण पाठच्या पाकळ्या ताज्या असलेला निवडावा लागतो. मोठं फूल हवं असेल तर फांदीच्या टोकाला येणाऱ्या तीन कळ्यांपैकी मधली ठेवून बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा, त्याखालची जोडीही काढा. आयत्या वेळी खुडलं तर ओला व्रण दिसतो आणि गुण जातात. आकाराचे वर्ग अमेरिकन डेलिया सोसायटीच्या मापांवर असतील तर ते असे : १० इंचांवर एए, ८ ते १० ए, ६ ते ८ बी, ४ ते ६ बीबी आणि त्याखाली मिनिएचर. पुठ्ठ्याला ४, ६, ८ इंचांची गोल भोकं पाडून ठेवा. फूल कोणत्या भोकातून जातं ते पाहिलं की वर्ग ठरतो. सहा इंचांच्या रेषेवरचं फूल मात्र धोक्याचं, कारण रात्रीत ते पाव इंच फुगलं की चुकीच्या वर्गात जातं.

प्रश्न : फुलं नेमकी कधी कापायची? पाण्यात साखर, ॲस्पिरिन, तांब्याचं नाणं यांपैकी काय टाकायचं? आदल्या दिवशी कापून फ्रीजमध्ये ठेवली होती, सकाळी सगळी मलूल! (ओहायो)

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेऊ. फ्रीजमध्ये आंबे, केळी, सफरचंदं किंवा टोमॅटो होते का? पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्या वायूने फुलं वेळेआधी म्हातारी होतात. ऑगस्टमध्ये मराठी घरातला फ्रीज फळांशिवाय क्वचितच असतो, त्यामुळे फुलांसाठी तो वाईट. दुसरं असं की झिनिया आणि कोंबडा ही उष्ण प्रदेशातली फुलं. फ्रीजच्या गारठ्याने ती काळवंडतात. तळघर असेल तर त्याचा सर्वांत गार, अंधारा कोपरा फ्रीजपेक्षा चांगला.

कापायची वेळ आदल्या दिवशीची संध्याकाळ, ऊन उतरल्यावर. दिवसभर बनवलेली साखर तेव्हा देठात असते आणि पुढे रात्रभर पाणी प्यायला वेळ मिळतो. झिनिया, झेंडू यांसारखी फुलं पहाटे कापली तरी चालतात, पण मग टेबलावर मांडण्याआधी निदान दोन तास पाण्यात उभी राहिली पाहिजेत. भर दुपारी कापू नका.

बादली बागेत सोबत न्या. ती आधी साबणाने घासून, ब्लीचच्या पाण्याने धुऊन घेतलेली असावी. फुलं मलूल होण्याचं नेहमीचं कारण पाणी कमी पडणं हे नसून देठाच्या नळ्या बुजणं हे आहे. घाणेरड्या बादलीतले जिवाणू त्या बुजवतात, आणि कापल्यावर आत शिरलेला हवेचा बुडबुडाही. म्हणून धारदार सिकेटरने (बागेच्या कात्रीने) कापून लगेच पाण्यात टाका. घरी आल्यावर देठाचं टोक पाण्याखाली धरून पुन्हा अर्धा-एक इंच तिरकं कापा. पाणी हाताला कोमट, साधारण ४० अंश सेल्सिअस हवं. ते गार पाण्यापेक्षा भराभर वर चढतं. फुलाच्या मानेपर्यंत पाणी भरा, पाकळ्यांना लागू देऊ नका आणि सहा-आठ तास अंधारात ठेवा.

डेलियासाठी एक वेगळी युक्ती आहे. देठाची खालची दोन-तीन इंच टोकं सुमारे ७० अंशांच्या गरम पाण्यात उभी करा आणि पाणी आपोआप निवेपर्यंत, म्हणजे तासभर, तशीच ठेवा. वाफ फुलांना लागू देऊ नका. हे केलं तर डेलिया दुसऱ्या दिवशीही टिकतो.

झिनिया कापण्याआधी फुलाखाली आठ इंचांवर देठ धरून हलकेच हलवा. मान लटपटली तर फूल अजून कच्चं आहे, ते पाण्यात टिकणार नाही. देठ काठीसारखा ताठ राहिला तर कापा. मधल्या चकतीभोवती पिवळ्या छोट्या फुलांचं कडं उघडलं असेल तर ते फूल जुनं झालंय.

पाण्यात काय टाकायचं? दुकानात मिळणारी फुलांसाठीची पुडी, पाकिटावर लिहिलेल्या मापात. तिच्यात साखर, आम्ल आणि जंतुनाशक तिन्ही असतं. नुसती साखर टाकली तर जिवाणूंचंच फावतं. नाण्याचा उपयोग होत नाही, ॲस्पिरिनचा भरवसा धरू नका. घरी लिंबू आणि ब्लीच अंदाजपंचे एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सकाळी टेबलावर स्वच्छता करा. मऊ ओल्या कापडाने पानांवरची धूळ आणि औषधाचे पांढरे डाग पुसा. तेल किंवा चकाकी आणणारा फवारा लावू नका. तो ओळखू येतो आणि त्याचे गुण कापतात. मावा, फुलकिडे, मुंग्या मऊ ब्रशने झटका. पानावर भुरी (पांढरी बुरशी) असेल तर ते फूल घरीच ठेवा. पुसून ती जात नाही, आणि शेजारच्याच्या फुलांशेजारी भुरी नेऊन ठेवणंही बरोबर नाही.

प्रश्न : गुलाबासाठी काही खास? (कॅलिफोर्निया)

उत्तर : हायब्रिड टी (लांब देठावर एकेक मोठं फूल येणारा) गुलाब पूर्ण उमललेला नको. अर्धा ते पाऊण उमललेला, मधली कळी टोकदार आणि उंच, पाकळ्या तिच्याभोवती सारख्या फिरलेल्या, असा हवा. एका देठावर एकच फूल, बाजूच्या कळ्या महिनाभर आधी नाही तरी निदान बारीक असताना खुडलेल्या. बाहेरची एखादी फाटकी पाकळी मुळापासून काढली तर चालतं, तीन-चार काढल्या की घाट बिघडतो. गुलाबांचा वेगळा गट असेल तर जातीचं नाव नोंदीच्या चिठ्ठीवर नक्की लिहा. नावाशिवाय गुलाब म्हणजे अर्धवट नोंद. यासाठी झाड लावतानाच नर्सरीचा टॅग जपून ठेवावा लागतो.

प्रश्न : ‘आठ इंचांपेक्षा मोठी नसलेली रचना’ या वर्गात माझी रचना बाद झाली. घरी मोजली तेव्हा बरोबर आठ इंच होती. आणि फुलं खोवायला फोम (पाणी शोषणारा हलका ठोकळा) वापरावा की पिनहोल्डर (टोकदार खिळ्यांची जड चकती)? (मेरीलँड)

उत्तर : बरोबर आठ होती हेच कारण. रात्रीत कळ्या उमलतात, पानं पसरतात आणि सकाळी ती साडेआठ होते. मर्यादा तिन्ही बाजूंनी, भांड्यासकट मोजली जाते : उंची, रुंदी आणि खोली. समोरून बघताना मागे झुकलेली एखादी काडी आपल्याला दिसतच नाही. जुन्या खोक्याला आतून ८ बाय ८ बाय ८ असं कापून चौकट करा आणि रचना तिच्यात ठेवून पाहा. चारही बाजूंना अर्धा इंच मोकळा राहिला तरच निश्चिंत व्हा. लहान रचनेत फुलंही लहानच हवीत. आठ इंचांत चार इंचांचा डेलिया म्हणजे लग्नघरात हत्ती.

मर्यादा दिली नसेल तिथे जुना अंदाज अजून कामाला येतो : उंच भांडं असेल तर फुलांची उंची भांड्याच्या उंचीच्या दीडपट, पसरट असेल तर रुंदीच्या दीडपट. हा नियम नाही, पण त्यापेक्षा बुटकी रचना भांड्यात बुडाल्यासारखी दिसते.

फोम वापरणार असाल तर तो पाण्यावर ठेवा आणि आपोआप बुडू द्या. हाताने दाबला की आत कोरडा गोळा राहतो, बाहेरून ओला दिसतो आणि त्यात खोवलेली फुलं दोन तासांत माना टाकतात. एकदा काडी खोवून उपसली की तिथे हवेची पोकळी राहते, पुन्हा त्याच भोकात खोवू नका. वाळलेला जुना फोम परत भिजत नाही. शिवाय तो प्लॅस्टिकच आहे, चुरा पाण्यात आणि मातीत जातो. म्हणून लहान रचनेला पिनहोल्डरच घ्या, पुन्हा पुन्हा वापरता येतो. तो भांड्याच्या तळाला चिकटवायची माती भांडं कोरडं असतानाच लावा, ओल्या तळावर ती धरत नाही. पिनहोल्डर, तार, फोम यांतलं काहीही परीक्षकाला दिसता कामा नये. दोन पानं किंवा चार खडे आड ठेवले की काम भागतं.

होस्टासारखी गुळगुळीत पानं आदल्या रात्री पूर्ण पाण्यात बुडवून ठेवली तर दोन-तीन दिवस ताठ राहतात. लॅम्ब्ज इअरसारखी लव असलेली करडी पानं मात्र बुडवू नका, लव चिकटून ती मळकट दिसतात.

वर्गाला विषय दिलेला असतो. समजा ‘पावसाची दुपार’ असा विषय आहे. छत्रीची खेळण्यातली प्रतिकृती ठेवली तर विषय सांगितला जातो, पण रचना बोलत नाही. खाली झुकणाऱ्या रेषा, करडी पानं, एखादंच पांढरं फूल यांतून तो यायला हवा. शेवटी, रस्त्याकडेचा जांभळा पर्पल लूजस्ट्राइफ कितीही मोहक दिसला तरी आणू नका. बऱ्याच राज्यांत तो आक्रमक तण म्हणून बंदी असलेला आहे.

प्रश्न : सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत. त्या फार सुंदर वेणी करतात. ती माझ्या नावावर देता येईल का? (टेक्सस)

उत्तर : नाही. ज्याने केली त्याच्याच नावाने नोंद व्हायला हवी, आणि सासूबाईंचं श्रेय त्यांच्याकडेच राहावं. काही फेअर फक्त काउंटीच्या किंवा राज्याच्या रहिवाशांना भाग घेऊ देतात, काहींना बंधन नसतं. विभागाच्या सुपरिंटेंडेंटना आठवडाभर आधी ई-मेल करून दोन गोष्टी विचारा : पाहुण्यांना भाग घेता येईल का, आणि वेणी कोणत्या वर्गात बसेल? कोर्साज (कपड्यावर किंवा मनगटावर लावायचा छोटा गुच्छ) किंवा अंगावर माळायच्या फुलांचा वर्ग असेल तर तिथे, नाहीतर ‘इतर रचना’. बंधन असेल तर यंदा सासूबाईंकडून शिकून घ्या आणि तुम्ही स्वतः गुंफलेली द्या.

पाण्याविना दिवस काढायचा असल्यामुळे फुलं निवडून घ्या. मोगरा दुपारपर्यंत तांबूस होतो, झेंडू आणि शेवंती टिकतात. फुलं आदल्या रात्री भरपूर पाणी प्यायलेली असावीत. केळीचं सोपट मिळणार नाही, तेव्हा जाड सुती दोरा तासभर भिजवून घ्या. वेणी सकाळी गुंफून, ओल्या कागदाच्या घडीत, झाकणाच्या डब्यातून न्या. सपाट टेबलावर टाकलेली वेणी मेल्यासारखी दिसते. पुठ्ठ्याची अर्धगोल नळी करून तिच्यावर काळं कापड ताणा आणि तिच्यावर वेणी बसवा. ही केसांत माळतात, हे एका ओळीच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहा. बऱ्याच परीक्षकांनी वेणी कधी पाहिलेली नसते.

प्रश्न : गुलबक्षी, जास्वंद, शेवंती चालतील का? (न्यू जर्सी)

उत्तर : गुलबक्षी संध्याकाळी उमलते आणि सकाळी मिटते, त्यामुळे सकाळच्या परीक्षणाला ती कामाची नाही. जास्वंदीचं फूल एकच दिवसाचं, पण त्या दिवसापुरतं पाण्याविनाही टवटवीत राहतं. त्याच सकाळी उमललेलं न्या. शेवंती दिवस लहान झाल्याशिवाय कळ्या धरत नाही, म्हणून ऑगस्टच्या फेअरला बागेतली शेवंती मिळणं कठीण. सप्टेंबरअखेरच्या फेअरसाठी राखून ठेवा, आणि ती रस्त्याच्या दिव्याखाली लावू नका. रात्रीच्या उजेडाने कळ्या धरणं लांबतं.

प्रश्न : फुलं गाडीतून तासभर न्यायची आहेत. वाटेत काय काळजी घ्यायची? आणि मुलीचं वय नऊ आहे, तिला भाग घेता येईल? (ओहायो)

उत्तर : मुलीला दोन वाटा आहेत. फोर-एच क्लब (मुलांना शेती-बागकाम वगैरे शिकवणारी संस्था) असेल तर त्याच्या गटातून, नाहीतर बहुतेक फेअरमध्ये असणाऱ्या खुल्या बालगटातून. फोर-एचमध्ये वर्षभराची नोंदवही ठेवावी लागते, म्हणून त्याची नावनोंदणी फेअरच्या बऱ्याच आधी काउंटीच्या एक्स्टेंशन (कृषी विस्तार) कार्यालयात करा. फुलांच्या प्रश्नांसाठीही तिथले मास्टर गार्डनर, म्हणजे बागकामाचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, चांगले.

गाडीसाठी पेयाच्या बाटल्यांचा कप्प्यांचा खोका घ्या. प्रत्येक कप्प्यात अर्धी पाण्याने भरलेली बाटली आणि बाटलीत एकच फूल ठेवा. फुलं एकमेकांना लागली की पाकळ्यांना वण पडतात. खोका डिकीत न ठेवता आत ठेवा. निघण्याआधी दहा मिनिटं एसी चालू करा, पण त्याचा झोत फुलांवर नको. सोबत सिकेटर, पाण्याची झारी, मऊ ब्रश, भरलेल्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक वर्गासाठी एक-दोन जादा फुलं ठेवा.

तिथे बाटली काठोकाठ भरा. फूल बाटलीत कलंडत असेल तर तोंडाशी पारदर्शक प्लॅस्टिकची छोटी गुंडाळी दाबून बसवा, म्हणजे फूल परीक्षकाकडे तोंड करून उभं राहतं. चिठ्ठीवरचा वर्गक्रमांक पुस्तकाशी पुन्हा एकदा ताडून पाहा आणि नावाची बाजू नियमाप्रमाणे दुमडा. परीक्षण झाल्यावर काही ठिकाणी सूचनांची चिठ्ठी मिळते, तिचा फोटो काढून ठेवा. फुलं आणि भांडी परत न्यायचा दिवस पुस्तकात दिलेला असतो. त्याआधी काही हलवलं तर रिबीन आणि बक्षीस दोन्ही जाऊ शकतात, आणि त्यानंतर राहिलेली भांडी कार्यकर्ते टाकून देतात.